कापसाचा पांढरा रंग

छायाचित्रणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना झाली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी शाळामास्तर, कॅमेरा हा माझा सुट्टीतला सोबती. या कलेतील जाणकारांपुढे माझी गणना मधल्या बाकावरच्या विद्यार्थ्यांत व्हावी. परंतु आपण कोठे अडलो होतो, हे मधल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला पक्के आठवत असते. तेवढ्याच भांडवलावर मी बोलणार आहे.

मी प्रथम अडलो तो कापसापाशी. आमच्या आदिलाबादेत दिवाळीच्या सुमारास बाजाराचे आवार कापसाने भरून जाते. ते शुभ्र ढीग पाहून कोणाचाही हात कॅमेऱ्याकडे जावा. माझाही गेला. चित्रे पाहतो तो काय, कापूस राखेसारखा करडा! मी दोष यंत्राला दिला. पुष्कळ दिवसांनी कळले की, यंत्र आपल्या स्वभावाला जागले होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून चालतो. समोर सगळा कापूसच असला, तर त्याला वाटते की प्रकाश फार झाला. मग तो प्रकाश कमी घेतो आणि पांढऱ्याचे करडे करतो. अशा वेळी एक्स्पोजर आपण होऊन एक ते दीड स्टॉपने वाढवावे. मोबाईलवर तर हे फारच सोपे आहे. पडद्यावर कापसावर बोट टेकवावे, शेजारी सूर्याची खूण उमटते, ती किंचित वर सरकवावी. काळ्या म्हशीचे चित्र घेताना याच्या उलट करावे. नाहीतर म्हैस धुरकट होते.

इथवर ठीक. पण त्या ढिगाशेजारी उन्हात रापलेला शेतकरी उभा असला म्हणजे? दुपारच्या बाराला कापूस साधावा तर माणसाचा चेहरा काळा पडतो, चेहरा साधावा तर कापूस वितळून नुसता पांढरा डाग राहतो. याला एकच उपाय मला माहीत आहे, तो म्हणजे लवकर उठणे. सूर्य उगवण्यापूर्वीच्या अर्ध्या घटकेत आकाशाचा मऊ उजेड सगळीकडून येतो. उजळ आणि अंधारे यांतील अंतर त्या वेळी इतके कमी असते की कापूस आणि चेहरा दोन्ही एका चौकटीत सुखाने नांदतात.

श्रोतेहो, चित्रात नावीन्य कसे आणावे, असे मला मुले विचारतात. मी त्यांना बारा चित्रांची अट घालतो. जुन्या चौकोनी फिल्मच्या गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. त्याही आधी, आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) काचेच्या तावदानांवर चित्रे घेत. प्रत्येक काच वागवायची, सांभाळायची, रसायनांतून काढायची. अशा माणसाने कळ दाबण्यापूर्वी पुष्कळ पाहिलेले असणारच. आज मोबाईलमध्ये हजार चित्रे मावतात, म्हणून पाहण्याचे काम आपण पुढे ढकलतो. मुलांना मी सांगतो, दिवसभरात बारा, पुसून टाकलेलेही त्यांत धरायचे. पहिली चार सगळ्यांची सारखीच येतात. सातव्या-आठव्यापाशी मूल खाली बसते, मागे फिरते, जवळ जाते. माझा अनुभव असा की, त्याचे स्वतःचे चित्र तेथून पुढे सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने अशा बारांतले अकरावे चित्र मला दाखवले. बाजारात वजनासाठी रांग होती; तिचे वडील रात्रभर गाडीतच थांबले होते. पहाटे ती डबा घेऊन गेली तेव्हा ते कापसावर झोपलेले होते. मऊ उजेड, खरोखर पांढरा कापूस, त्यात अर्धा रुतलेला दमलेला चेहरा, आणि पायांतल्या चपला मात्र नीट काढून कडेला ठेवलेल्या. त्या चपला मला दिसल्या नसत्या. मी ते चित्र शाळेच्या प्रदर्शनात पहिले लावायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, झोपलेला माणूस काय दाखवायचा लोकाइले?"

मी निरुत्तर झालो. कारण हा धडा मला पूर्वीच एकदा मिळाला होता.

दिवाळीच्या दिवसांत गोंड गावांत दंडारी असते. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी ढोलाच्या तालावर नाचतात. आठ-दहा वर्षांपूर्वी मी असाच एका गावी गेलो आणि गेल्या गेल्या एका गुसाडीच्या तोंडासमोर फ्लॅश उडवला. एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आधी बसा. चहा घ्या. नाच काही पळून जात नाही." गुसाडी त्या दिवसांत व्रतस्थ असतो, हे मला चहा पिताना समजले. चित्रही वाईटच आले होते; पिसे पुठ्ठ्यासारखी निर्जीव. मोराच्या पिसाचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ आहे, आणि पाहण्याचा कोन बदलला की तो बदलतो. संध्याकाळी, परवानगी घेऊन, बाजूच्या उजेडात दोन पावले इकडे-तिकडे सरकत मी पाहू लागलो तेव्हा मुकुट पेटल्यासारखा झाला. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवल्याने फिरणारे पाय विरघळले आणि नाच चित्रात उतरला. पाचशेव्या भागावर तोच नर्तक पुतळ्यासारखा गोठतो.

या भागाची सर्वांत मोलाची छायाचित्रे अशा बसण्यातूनच निघाली आहेत. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० नंतर आपल्या पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंड गावात राहिले. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले होते, आणि गोंडांच्या असंतोषाचा शोध घेण्याचे काम निजाम सरकारने हायमेंडॉर्फांकडे दिले. ते गोंडी शिकले. त्यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र तेथे १९४३ मध्ये निघाले. (आपले सेतुमाधवराव पगडी हेही त्याच दशकात या जिल्ह्यात गोंडांमध्ये काम करीत होते, आणि त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले, हे मराठी वाचक सहसा विसरतात.) हायमेंडॉर्फांची या जिल्ह्यातील राज गोंडांवरील पुस्तक १९४८ मध्ये निघाले, त्यांचा छायाचित्रसंग्रह आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत आहे. त्यांच्या चित्रांतील माणसे मला कधी दचकलेली वाटली नाहीत. बेटी १९८७ मध्ये निवर्तल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे, आणि हायमेंडॉर्फांच्या अस्थीही २०१२ मध्ये तेथेच विसावल्या. आता हे गाव कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

त्या मुलीचे चित्र आम्ही लावले नाही. ती फार हिरमुसली. मलाही वाईट वाटले, ते आजही वाटते. पुढच्या आठवड्यात तिने वडिलांनाच विचारले की, तुमचा कसा फोटो काढू? ते धुतलेला सदरा घालून बैलाशेजारी ताठ उभे राहिले. ते चित्र प्रदर्शनात लागले आणि लोक त्यासमोरून थांबल्याशिवाय निघून गेले. झोपलेल्याची प्रत तिने आईला दिली. ती घरात देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आहे, असे मुलीने मला सांगितले. वडील ती काढून टाकत नाहीत.