मार्सेलिसच्या समुद्रतळाशीं

मार्सेलिस बंदराचें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं 'मोरिया' बोटीवरून समुद्रांत उडी घेतली ती येथेंच. परंतु फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील हें नगर फार प्राचीन आहे. इ. स. पूर्वी ६०० च्या सुमारास फोकेआ येथील ग्रीक दर्यावर्दी लोकांनीं तें वसविलें. जेथें २६०० वर्षें जहाजें ये-जा करीत आलीं, तेथें कांहीं बुडालीं असल्यास नवल नाहीं. नगराच्या दक्षिणेस चुनखडकाचे पांढरे कडे सरळ पाण्यांत उतरले असून समोर लहान ओसाड बेटें आहेत. त्यांच्या आसपास पाणबुड्यांचीं आवडतीं स्थळें आहेत. त्यांपैकीं तिहींची ओळख विद्यार्थिबंधूंस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पाण्याखालीं श्वास कसा घेतात तें पाहूं. पूर्वीं पाणबुडा धातूचें जड शिरस्त्राण घाली व त्यास वरील होडीवरून नळीनें हवा मिळे. १९४३ सालीं फ्रेंच नौदलाचे अधिकारी झाक कूस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनीं एक झडप सिद्ध केली. पाठीवरील टांकींत दाबून भरलेली हवा ही झडप पाणबुड्यानें श्वास ओढतांच, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें पुरविते. नळीचें बंधन तुटलें. परंतु निसर्गाचे नियम तुटले नाहींत. दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४० मीटरांवर तो पृष्ठभागाच्या पांचपट होतो, व टांकीही पांचपट लौकर रिती होते. शिवाय हवेंतील नत्रवायु रक्तांत विरघळतो. पाणबुडा घाईनें वर आला तर, सोड्याची बाटली उघडतांच बुडबुडे उठावे तसे, ते त्याच्या शरीरांत उठतात. त्यानें अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून वर येणें तें हळूहळू, थांबत थांबत.

पहिलें स्थळ माइर बेटाजवळील 'लिबां' नामक आगबोटीचें. ७ जून १९०३ रोजीं ती उतारू घेऊन कॉर्सिकाकडे निघाली असतां दुसऱ्या आगबोटीशीं तिची टक्कर झाली व थोड्याच मिनिटांत ती बुडाली. सुमारें शंभर माणसें प्राणांस मुकलीं. आज तिच्या लोखंडी सांगाड्यावर तांबड्या प्रवाळवर्गीय जीवांच्या पंखाकृति शाखा पसरल्या आहेत व माशांचे थवे तिच्यांतून फिरतात. देखावा मनोहर खरा. पण तें शंभर जीवांचें स्मशान आहे, याचा विसर पडूं नये.

दुसरें स्थळ ग्रां काँग्लुए या खडकाच्या पायथ्याचें. १९५२ पासून कांहीं वर्षें कूस्तो यांच्या मंडळीनें तेथें उत्खनन केलें आणि प्राचीन काळचे मद्याचे रांजण व काळ्या झिलईचीं भांडीं वर काढिलीं. समुद्रतळाशीं झालेल्या पहिल्या मोठ्या उत्खननांपैकीं हें एक होय. परंतु कोणती वस्तु नेमकी कोठें होती याची काटेकोर नोंद राहिली नाहीं, व सर्व माल एकाच गलबताचा समजला गेला. पुष्कळ वर्षांनीं विद्वानांच्या ध्यानांत आलें कीं, तेथें भिन्न काळचीं दोन गलबतें एकावर एक पडलीं होतीं! वस्तु हातीं आली, पण तिची हकीकत हातची निसटली.

तिसरें स्थळ सर्वांत अद्भुत. मोर्झिऊच्या भूशिराखालीं ३७ मीटर खोलीवर एका भुयाराचें तोंड आहे. १९८५ सालीं आंरी कोस्केर हा पाणबुडा त्यांतून सुमारें १७५ मीटर चढत गेला, तों अर्धवट कोरड्या गुहेंत निघाला. पुढें तिच्या भिंतींवर त्यास माणसांच्या पंजांचे ठसे दिसले. घोडे, गवे, सील, आतां नामशेष झालेले ऑक पक्षी यांचीं चित्रेंही आढळलीं. कांहीं ठसे सुमारें २७,००० वर्षांपूर्वींचे आहेत. त्या हिमयुगांत समुद्र आजच्याहून शंभरांवर मीटर खालीं होता, व मनुष्य या गुहेंत पायीं जात असे. सप्टेंबर १९९१ मध्यें तीन पाणबुडे त्या भुयारांत मृत्यु पावले, व त्याच महिन्यांत गुहेची वर्दी सरकारास देण्यांत आली. अशा ठिकाणीं पायाच्या एका फटकाऱ्यानें गाळ उठतो, स्वतःचा हातही दिसेनासा होतो, आणि डोक्यावर पाणी नसून खडक असतो. आतां तें द्वार बंद आहे. केवळ संशोधकांस परवानगी मिळते.

परंतु समुद्रास कोण बंद करणार? त्याची पातळी वाढत असून खालचीं चित्रें पुसलीं जात आहेत. म्हणून संशोधकांनीं गुहेचें इंच न् इंच मापून घेतलें, आणि २०२२ सालीं मार्सेलिस येथें तिची हुबेहूब प्रतिकृति लोकांस खुली झाली. मूळ चित्रें उद्यां राहोत वा न राहोत, त्यांची नोंद तरी राहील. ग्रां काँग्लुए येथें जें राहून गेलें तें येथें साधलें.

खालीं उतरण्याचें धैर्य पुष्कळांस असतें. टांकींत पुरेशी हवा आहे तोंच मागें फिरणें, आणि पाहिलेलें जेथल्या तेथें ठेवून त्याची नोंद मात्र वर आणणें, ही विद्या त्याहून कठीण. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं कोणी पुढें समुद्रतळ पाहील, तर त्यानें हीच विद्या आधीं शिकावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.