परमुलखात मराठी शब्द कानी पडतो तेव्हा

बंगळुरूच्या जे. पी. नगरात भाजी निवडताना शेजारून मराठी शब्द ऐकू येतात. दोघेही क्षणभर थबकतात आणि बहुधा भाजीवाल्याशी हिंदीत बोलून निघून जातात. हा तुसडेपणा नव्हे. ‘आपण मूळचे कुठले, आडनाव काय’ या पुढच्या प्रश्नांतून जातही उघड होते; शिवाय जुळलेली ओळख निभवावी लागते. १६३८ नंतर शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली. त्या काळापासून स्थिरावलेल्या घराण्यांची कन्नड वळणाची मराठी नवागताला परकीच वाटते. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात संकोच लवकर सरतो, कारण तेथे ओळख करून देणारे तिसरे कोणी असते. या अबोल्याची खरी झळ मुलांकडे राहायला आलेल्या वृद्ध आईवडिलांना बसते. त्यांना कन्नड येत नाही आणि घर दिवसभर रिकामे असते.