घरात ठेवलेला खलनायक



शिवाजीमहाराजांची तसबीर घरात लावावी, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. पण उद्या कुणी अफझलखानाची तसबीर हौसेने भिंतीवर टांगली, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? ‘याचं डोकं फिरलं की काय?’ असेच म्हणतील. दुष्टाला आपण मानाने घरात बसवत नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर गवताचा, कागदाचा भलामोठा नरकासुर उभा राहतो. पोरे त्याच्यासाठी दिवसच्या दिवस खपतात, आणि पहाट झाली की आपल्याच हातांनी त्याला जाळून टाकतात. राक्षस करण्यात मौज आहे, पण तो ठेवायचा नाही, अशी आपली रीत.

आता इंग्लंडातली गोष्ट ऐका. तिथे साठ वर्षांहून अधिक काळ एका दुष्टाची चित्रे, खेळणी, बाहुल्या लोक जपून ठेवत आले आहेत. काहींनी तर तो माणसाएवढा बनवून बैठकीच्या खोलीत उभा केला आहे. हा दुष्ट पुराणातला नाही, इतिहासातलाही नाही. तो विज्ञानकथेतला आहे. त्याचे नाव डालेक. ‘असल्या दुष्टाचं पोरांना वेड लागू द्यावं का हो?’ असे पालक मास्तरांना विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर या डालेकच्या कहाणीत सापडण्याजोगे आहे.

बी.बी.सी.च्या टेलिव्हिजनवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका सुरू झाली. काळातून मागेपुढे प्रवास करणारा एक विक्षिप्त म्हातारा, त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक अशी चौघांची ही कथा. गुरुजनांना ऐकून बरे वाटेल, त्या शिक्षकांपैकी बाई इतिहास शिकवीत आणि गुरुजी विज्ञान. मालिकेच्या दुसऱ्याच कथेत, डिसेंबर १९६३ मध्ये, डालेक प्रथम दिसले.

कथा अशी. स्कॅरो नावाच्या ग्रहावर दोन जमातींत भयंकर युद्ध झाले आणि अण्वस्त्रांनी सारा ग्रह विषारी झाला. एका जमातीच्या वंशजांची शरीरे त्या विषाने वेडीविद्री झाली. ते धातूच्या कवचात शिरून बसले आणि कवचाच्या आतून जगाचा द्वेष करू लागले. ‘जो आमच्यासारखा नाही, तो जगायला लायक नाही’, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. ‘नष्ट करा! नष्ट करा!’ हा त्यांचा घोष. लेखक टेरी नेशन याचा जन्म १९३० चा. म्हणजे त्याचे बालपण दुसऱ्या महायुद्धात गेले. वंशशुद्धीच्या नावाने माणसे मारणारे नाझी त्या पिढीने जवळून अनुभवले होते. डालेक कुठून आले, हे मग निराळे सांगायला नको.

लेखकाने राक्षस कागदावर लिहिला. पण तो उभा कोणी केला? बी.बी.सी.त नोकरीला असलेल्या रेमंड क्युसिक या आरेखकाने. त्याला पैसा थोडा आणि वेळही थोडा. दोन पाय, दोन हात असलेला राक्षस केला की लोकांना आत माणूस आहे हे चटकन कळते. म्हणून क्युसिकने पायच काढून टाकले. उपड्या बादलीसारखा खाली रुंद आणि वर निमुळता घेर, त्यावर खांदे, आणि अर्धा नारळ पालथा घालावा तसे घुमटाचे डोके. डोक्यातून पुढे आलेल्या एका दांडीच्या टोकाला एकच डोळा. दोन हातांपैकी एक बंदूक. आणि दुसरा हात कशाचा असावा? मोरी तुंबली म्हणजे ती मोकळी करायला दांड्याला रबरी वाटी लावलेली असते ना, तीच! घेरावर ५६ अर्धगोल बसवलेले. लाकूड, फायबरग्लास आणि घरात सापडणाऱ्या वस्तू यांतून हा जगाचा शत्रू तयार झाला.

आत एक नट छोट्याशा बैठकीवर बसे आणि पायांनी जमीन मागे रेटत, खालच्या चाकांवर ते सारे धूड चालवी. आवाज त्याचा नसे. बोलणारे नट बाजूला मायक्रोफोनपाशी उभे असत, आणि त्यांचे शब्द एका यंत्रातून जात. ते यंत्र माणसाच्या आवाजात सेकंदाला सुमारे तीस वेळा कंप पावणारा एक खर्ज स्वर मिसळी, आणि आवाज खरखरीत, तुटक, निर्जीव होई. फिरत्या पंख्यासमोर तोंड नेऊन बोललात तर काहीसा तसाच परिणाम तुम्हालाही ऐकू येईल. डालेक बोलू लागला की त्याच्या डोक्यावरचे दोन दिवे लुकलुकत, म्हणजे अनेकांतला कोणता बोलतो आहे ते प्रेक्षकांना समजे.

मुले घाबरली, आणि घाबरली म्हणूनच त्यांना तो हवाहवासा वाटला. १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत इंग्लंडात डालेकची अशी लाट आली की विचारू नका. बॅटरीवर चालणारे डालेक, पुस्तके, बिल्ले, मुलांनी अंगात घालायचे पोशाख, सारे बाजारात आले. १९६५ आणि १९६६ साली त्यांचे दोन चित्रपट निघाले. पुढे हा शब्द इंग्रजी शब्दकोशात गेला, आणि १९९९ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने एका तिकिटावर चक्क डालेकचे चित्र छापले. गंमत पाहा, १९७३ च्या एका कथेत डालेकची प्रचंड सेना दाखवायची होती. एवढे डालेक आणायचे कुठून? मग दुकानात मिळणारी खेळणीच ओळीने मांडली आणि त्यांचे चित्रण केले. टेलिव्हिजनवरून खेळण्यात गेलेला राक्षस खेळण्यातून पुन्हा टेलिव्हिजनवर आला.

या साऱ्या व्यापारात एक गोष्ट मनाला लागते. टेरी नेशन हा स्वतंत्र लेखक होता. डालेकच्या हक्कांत त्याचा वाटा राहिला आणि त्याला भरपूर पैसा मिळाला. क्युसिक पगारी नोकर. ज्या आकारावर सारी खेळणी विकली गेली, तो आकार त्याचा. पण त्याच्या हाती पडली ती शंभर पौंडांच्या आसपासची बक्षिसी. २०१३ साली तो वारला. आज जुन्या वस्तू जमवणारे शौकीन त्याचे नाव आदराने घेतात. आपल्याकडेही गणपतीची मूर्ती सगळे पाहतात, मूर्तिकाराचे नाव किती जण विचारतात? संग्रह करणाऱ्याने वस्तूबरोबर करणाऱ्याचे नाव जपावे, हा या छंदाचा पहिला नियम मानायला हरकत नाही.

जमवणाऱ्यांचे दोन प्रकार. एक विकत घेणारे. त्यांना १९६४ चे खेळणे हवे, आणि तेही मूळच्या खोक्यासकट. असे खेळणे सांभाळणे सोपे नाही. जुने प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते आणि ठिसूळ होते. बॅटरी आतच राहिली तर ती पाझरते आणि पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकते. म्हणून जाणकार मनुष्य बॅटरी काढून ठेवतो, वस्तू सावलीत ठेवतो आणि वहीत लिहितो : ही वस्तू कोणत्या सालची, कुणाकडून मिळाली, कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसवलेला. ही वही नसेल तर संग्रहाचा नुसता ढीग होतो. टपालाची तिकिटे, जुनी नाणी किंवा शेतात सापडलेली खापरे जमवणाऱ्या मुलांनाही हाच धडा उपयोगी पडेल.

दुसरा प्रकार हाताने करणाऱ्यांचा. मालिकेला दहा वर्षे झाली तेव्हा, १९७३ साली, ‘रेडिओ टाइम्स’ या बी.बी.सी.च्या साप्ताहिकाने खास अंक काढला. त्यात घरी डालेक कसा बांधावा याचे आराखडे छापले होते. प्लायवूड कापायचे, घेराच्या फळ्या तिरप्या जोडायच्या, अर्धगोल साच्यातून काढायचे, डोके फिरते ठेवायचे. हौशी माणसांनी घराच्या आवारात महिनोन् महिने खपून असे डालेक उभे केले. आजही करतात. संगणकाच्या आज्ञेने थरावर थर रचून वस्तू घडवणारी यंत्रे आता काही जण त्यासाठी वापरतात. पण करवत, कानस आणि रंगाचा ब्रश यांची सुट्टी झालेली नाही.

गुरुजनहो, माणसाएवढा डालेक आपल्या शाळेत करा, असे मी म्हणत नाही. पण फूटभर उंचीचा डालेक कोणत्याही शाळेत होईल. मूळचा सुमारे पाच फूट उंच धरला, तर प्रत्येक मापाला पाचाने भागायचे. मूळचा अर्धगोल साधारण चार इंच रुंद; आपला होईल पाऊण इंचाहून किंचित मोठा. शाडूच्या मातीच्या २८ गोळ्या वळून मधोमध कापल्या की ५६ अर्धगोल झाले. अंगासाठी जुन्या पुठ्ठ्याचे खोके. डोक्यासाठी वाटी उपडी घालून तिला आधी तेलाचे बोट फिरवावे आणि वरून खळीत भिजवलेले कागदाचे कपटे थरावर थर चिकटवावे. वाळल्यावर घुमट अलगद सुटतो. एका हाताला बारीक काडी, दुसऱ्याला काडी आणि तिच्या टोकाला बाटलीचे बूच.

घेराची तिरपी बाजू कापताना मुले हमखास विचारतील, ‘गुरुजी, उंची पाचपट कमी झाली, मग कोनपण पाचपट कमी करायचा का?’ त्यांना उत्तर सांगू नका. दोन पुठ्ठे कापू द्या, जोडून पाहू द्या. लांबी कमी होते, कोन तोच राहतो. नाहीतर आकारच बिघडतो. समरूप त्रिकोणांचा हा धडा ज्याने कात्रीने शिकला, तो परीक्षेत तर विसरणार नाहीच, पुढे घराचे छप्पर शाकारतानाही विसरणार नाही. मात्र एक पथ्य पाळावे. असली वस्तू आपल्या हौसेसाठी आणि शाळेच्या कपाटासाठी करावी. ती विकायला काढली, की मूळ हक्कदारांचा प्रश्न येतो. दुसऱ्याच्या कल्पनेवर परवानगीवाचून पैसा मिळवणे बरे नव्हे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. दुष्टाचे वेड मुलाला बिघडवते का? त्या पहिल्याच कथेत याचे उत्तर आहे. ते चौघे डालेकच्या कैदेत सापडतात. कवचाला लागणारी वीज धातूच्या जमिनीतून मिळते, हे त्यांच्या ध्यानात येते. मग ते एका डालेकच्या डोळ्याला चिखल फासतात आणि त्याला अंगरख्यावर ढकलतात. जमिनीशी संबंध तुटतो आणि तो जागच्या जागी थंड पडतो. मग कवच उघडून आतला दुबळा जीव बाहेर काढतात आणि विज्ञानाचे गुरुजी स्वतः त्या कवचात शिरून बसतात. म्हणजे ज्याची भीती वाटत होती, त्याची रचना समजताच भीती संपली, आणि त्याचेच कवच सुटकेच्या कामी आले.

हाताने डालेक करणाऱ्या मुलाचे नेमके असेच होते. जो मुलगा नुसता पडद्यावर पाहतो, त्याला राक्षस मोठा वाटतो. जो पुठ्ठा कापतो, त्याला कळते की हा घेर पोकळ आहे, हा डोळा म्हणजे काडी आहे, आणि हा भयंकर हात म्हणजे बाटलीचे बूच आहे. मात्र एवढ्यावर थांबू नये. वस्तू पुरी झाली की मुलांना गोल करून बसवावे आणि विचारावे, ‘हा असा दुष्ट का झाला?’ उत्तर मुलेच देतील. निराळ्या माणसाची भीती वाटली, म्हणून त्याने स्वतःभोवती कवच बांधले. आणि कवचात बसून बसून भीतीचा द्वेष झाला. वर्गात नव्याने आलेल्या, वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला बाकीचे चिडवतात तेव्हा याच रोगाची पहिली शिंक आलेली असते. हे उपदेश करून सांगितले तर मुले कंटाळतात. हातात पुठ्ठ्याचा डालेक असला, म्हणजे ऐकतात.

तेव्हा राक्षस जाळायचा की जपायचा, याचा वाद नको. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. मुलाच्या कपाटात उद्या एखादा खलनायक दिसला, तर रागावण्यापूर्वी एवढेच विचारा : हा तू विकत आणलास की स्वतः केलास? स्वतः केला असेल, तर त्याच्या पोटात काय आहे ते मुलाला ठाऊक असते. आणि विकत आणला असेल, तर येत्या सुट्टीत कात्री, पुठ्ठा आणि खळ काढून दोघे मिळून बसा.