पीळ सावकाश सुटला पाहिजे

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मॉडेल टेबलावर असतं आणि तक्त्यासमोर उभा राहून जो चांगलं बोलतो त्याला बक्षीस मिळतं. अमेरिकेतल्या ‘सायन्स ऑलिंपियाड’ या शालेय स्पर्धेत काही वर्षी हेलिकॉप्टरचा प्रकार असतो, तिथे बोलण्याला वाव नाही. निकाल स्टॉपवॉच लावतं. बॅटरी नाही, रिमोट नाही. रबर पिळायचं, सोडायचं आणि किती वेळ हवेत राहतं ते मोजायचं. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यातही हे करता येईल, कारण लागतं ते फक्त बंद, उंच छताचं सभागृह.

युक्ती जुनीच आहे. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो यांनी १८७० मध्ये पिळलेल्या रबरावर हेलिकॉप्टर उडवलं. १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी तसलंच खेळणं घरी आणलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

नियमांचे आकडे दरवर्षी बदलतात, पण बंधनं साधारण तीच: पात्यांचा कमाल व्यास, हेलिकॉप्टरचं किमान वजन, रबराचं कमाल वजन. व्यासावर बंधन का? पातं दुप्पट मोठं केलं की तेवढंच वजन तरंगत ठेवायला निम्मी शक्ती पुरते. मर्यादा नसती तर सगळ्यांनी पंख्याएवढी पाती लावली असती. वजनाचा हिशेब त्याहून कडक: दहा टक्के वजन वाढलं की शक्ती पंधरा टक्के जास्त लागते. डिंकाचा एक जादा थेंबही इथे महाग पडतो. रबर सुटताना वरचं पातं एका दिशेने फिरतं, खालचं पातं रबर बांधलेल्या काडीसकट उलट दिशेने.

खरं डोकं लागतं रबर निवडताना. वजन तेच ठेवून रबर दुप्पट लांब आणि निम्म्या काटछेदाचं घेतलं, तर वेढे सुमारे पावणेतीन पट बसतात. जोर मात्र जवळपास तितक्याच पटीने उतरतो. जाड रबर हेलिकॉप्टरला झपाट्याने छताला नेतं आणि लवकर संपतं. अति बारीक रबर त्याला जमिनीवरून उचलतच नाही. या दोहोंमधला, जेमतेम चढवणारा धागा शोधणं म्हणजेच सराव.

रबराला सिलिकॉन तेल लावतात, मूळ लांबीच्या पाचेक पट ताणतात, निम्मे वेढे ताणलेल्या स्थितीत देतात आणि उरलेले देत देत सावकाश आत येतात. पूर्ण पिळलेल्या रबराचा पहिला झटका फार असतो. छत बुटकं असेल तर अनुभवी मुलं काही वेढे मुद्दाम उलगडून टाकतात. मेहनतीने भरलेला पीळ हाताने सोडून द्यायला नवख्यांचं मन होत नाही, आणि तिथेच ती हरतात.

हेलिकॉप्टर छताला नुसतं टेकलं म्हणून घड्याळ थांबत नाही. छताच्या कैचीत अडकून पाती भार पेलेनाशी झाली की थांबतं. तलवाड्यात एखादं मंगल कार्यालय मिळालं, तर पंखे बंद आणि वेळ सकाळची हवी. दुपारी पत्रा तापला की आतली हवा हलू लागते आणि दोन-चार ग्रॅमच्या काड्यांना तेवढंही पुरतं. स्पर्धेत सराव उड्डाणांची वही दाखवावी लागते: रबराचं वजन, वेढे, उंची, वेळ. मराठवाड्याच्या वहीत तापमानाचा रकाना मी आधी आखेन.