मोजमाप पुस्तिका ते दणकट टॅबलेट

आमच्या नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा कामांवर भराव किती झाला, काँक्रीट किती पडले, याची नोंद परंपरेने मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे खात्याच्या भाषेत ‘एम. बी.’मध्ये होते. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. नोंद शाईने करायची आणि खोडायची नाही. चुकले तर रेघ मारून दुरुस्ती लिहायची व सही करायची. त्यामुळे चूकही दिसते आणि ती सुधारणाराही.

आता नकाशे आणि नोंदी टॅबलेटवर येत आहेत. आयपॅडसाठी अ‍ॅपलने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यात काळ्या मातीची धूळ, आणि पावसाळ्यात तिचाच चिखल. म्हणून बांधकामासाठी दणकट टॅबलेट निघाले.

त्यांच्यावर ‘आयपी ६५’ किंवा ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. पहिला अंक धुळीचा : ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा पाण्याचा : ५ म्हणजे पाण्याची धार सोसते, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. हे आकडे उष्णतेबद्दल काहीच सांगत नाहीत. तापमानाची मर्यादा वेगळी पाहावी लागते. ‘मिल-एसटीडी-८१०’ ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत आहे. तिचा दाखला लष्कर देत नाही. चाचण्या उत्पादकच करवून घेतो. तेव्हा नेमक्या कोणत्या चाचण्या केल्या, हे विचारावे.

हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला. पुढे केंद्राच्या योजनेत १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोन छायाचित्रांसह नोंदवणे बंधनकारक झाले. म्हणजे उन्हात यंत्र बंद पडले, तर खणलेली माती जागेवर असते. पण मजुरी अडू शकते.

म्हणून खरेदी करताना दोन गोष्टी तपासाव्यात. यंत्र आपल्या उन्हात चालते का? आणि त्यातली नोंद बदलली, तर जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव व वेळ कायम राहते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली जुनी एम. बी. अधिक दणकट म्हणावी लागेल.