सातपुड्यातून समुद्राकडे, घर चाकावर घेऊन

रामाकोन्याच्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर आधी अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. आमचं गाव कन्हान नदीच्या काठी, सौंसर तहसिलीत. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि चहूकडे संत्र्याचे बगीचे, असा हा मुलूख. आमच्या आईवडिलांच्या पिढीनं समुद्र पाहिला तो छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूर गाठून, तिथून मुंबईची रेल्वे पकडून, आणि तोही बहुधा एकदाच, कुणाच्या तरी लग्नकार्याच्या निमित्तानं. ती छोटी लाईन २०१५ साली बंद पडली, पुढे तिच्या जागी मोठी लाईन आली. समुद्राची ओढ मात्र तशीच आहे. ती भागवायचा एक चांगला मार्ग आता खुला झाला आहे, तो म्हणजे कॅराव्हॅन. झोपायची, स्वयंपाकाची आणि प्रातर्विधीची सोय असलेली गाडी घेऊन नवराबायकोनं किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं. आम्ही दोघांनी भाड्याच्या अशा गाडीनं कोकण पाहिलं, आणि मुलंबाळं मार्गी लागलेल्या प्रत्येक जोडप्याला मी हा प्रवास सुचवते.

कल्पना नवी वाटली तरी आपल्याकडे तिची मुळं जुनी आहेत. महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं पचमढीच्या महादेवाला जात, ती बंडीनं. बंडीवर तट्ट्याची सावली, आत पेंढ्यावर अंथरूण, मागे पिठाची पिशवी आणि तव्या-परातीचं गाठोडं. पाणी आणि सावली दिसेल तिथं बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची. सौंसर-छिंदवाड्याच्या वाटेवरच्या गावांनी हे मुक्काम वर्षानुवर्षं पाहिले. बंजाऱ्यांचे तांडे तर घरसंसार बैलांवर लादूनच देशभर फिरले.

केवळ हौसेसाठी घर चाकावर चढवलं ते इंग्लंडात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टर-लेखकानं १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बनवून घेतली आणि तिच्यातून देश पालथा घातला. पुढे १९०७ मध्ये तिथं अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला. १९५० च्या दशकात जर्मनीच्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून मिळू लागला आणि सामान्य पगारदार जोडपी घर घेऊन फिरू लागली. यातल्याच काही गाड्या साठ-सत्तरच्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून थेट गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर येऊन थांबल्या. आपल्या किनाऱ्यानं घरगाडी पहिल्यांदा पाहिली ती अशी, परक्यांची.

आपल्या सरकारांनी या प्रवासाकडे लक्ष द्यायला बराच वेळ घेतला. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं २०२१ साली, केरळनंही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. महाराष्ट्राच्या धोरणामागचा विचार मला पटतो. किनारा, जंगल, गडाचा पायथा अशा जागी पक्कं बांधकाम करता येत नाही आणि करूही नये. तिथं पर्यटकाची रात्रीची सोय गाडीतच झाली, तर जमिनीला धक्का न लावता गावाला चार पैसे मिळतात. कागदावर हे उत्तम आहे. गाड्या लावायची जागा, वीज, पाणी आणि मैला रिकामा करायची सोय असलेली वाहनतळं मात्र प्रत्यक्षात फारच थोडी दिसतात.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चुकीच्या कल्पना इथंच जास्त आहेत. आपल्याकडे बहुतेक कॅराव्हॅन टेंपो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर उभारतात, आणि ती ट्रॅव्हलर तयार होते आपल्याच मध्य प्रदेशात, पिथमपूरला. परदेशात कारच्या मागे ओढायचा डबा जास्त चालतो, पण घाटाच्या वळणांवर आणि गावातल्या बोळांत तो जिवावर बेततो. आपल्याला एकसंध गाडीच बरी. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. गाडी त्यात बसणारी असावी आणि नोंदणी-पुस्तकात तिचा तसा उल्लेख असावा. ओळखीच्या गॅरेजात जुन्या व्हॅनमध्ये पलंग-ओटा ठोकून घेतला आणि आरटीओची मंजुरी घेतली नाही, तर ते बेकायदा ठरतं आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. लायसनची मात्र फार काळजी नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते. भाड्यानं घेताना ती पर्यटन परवान्याची, पिवळ्या किंवा काळ्या पाटीची आहे ना, एवढं बघावं. खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्यानं देऊ केली तर घेऊ नये.

आत शिरल्यावर सगळा संसार दोन गोष्टींवर चालतो, वीज आणि पाणी. नेहमीच्या १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण २.४ युनिट वीज मावते. छोटा पंखा रात्रभर चालला तर पाव युनिट जातं, लहान फ्रिज दिवसभरात पाऊण युनिटच्या आसपास खातो, दिवे आणि मोबाईल मिळून नगण्य. म्हणजे सव्वा युनिटात दोघांचा दिवस निघतो, आणि टपावर ४०० वॉटचं सौर पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हात ते भरूनही येतं. गणित बिघडतं ते एसीनं. एक टनाचा एसी तासाला युनिटभर वीज ओढतो, रात्रभराची गरज एकट्या बॅटरीच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी बाहेरून वीज जोडावी लागते किंवा जनरेटर, ज्याचा आवाज शेजाऱ्यालाही झोपू देत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की किनाऱ्याला थंडीत जावं आणि एसी विसरावा.

पाण्याचं वजन कुणी लक्षात घेत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि तेही घाटात डुचमळणारं. बादली-तांब्यानं जपून वापरलं तर दोघांना दिवसाला तीस-चाळीस लिटर पुरतं. टाकी पूर्ण भरून लांबचा पल्ला मारण्यापेक्षा मुक्कामाच्या गावी भरावी. संडासाची टाकी हा याहून नाजूक विषय. ती नाल्यात, खाडीत किंवा झाडीत रिकामी करणं हा ज्या गावानं आपल्याला थांबू दिलं त्याचा अपमान आहे. पेट्रोल पंपावरच्या किंवा लॉजच्या शौचालयात परवानगी घेऊन, पैसे देऊन ती रिकामी करावी. गॅसची शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी आणि रात्री सिलिंडरचा कॉक बंद, यात कधी ढिलाई करू नये.

आणि एक गोष्ट बायकांच्या बाजूनं. हॉटेलात उतरलं की बाईला निदान चार दिवस चुलीपासून सुट्टी मिळते. कॅराव्हॅनमध्ये चूल सोबत येते. नवरा नुसता स्टीअरिंग धरून बसणार आणि बायको हलत्या ओट्यावर पोळ्या लाटणार, असं असेल तर तो प्रवास एकट्याचाच झाला. निघण्यापूर्वी कामं वाटून घ्यावीत. आमच्याकडे सकाळचा चहा आणि भांडी ह्यांच्याकडे, पाणी आणि बॅटरीचा हिशेब माझ्याकडे. दुपारचं जेवण गावातल्या खानावळीत, म्हणजे कोकणातलं जेवणही पोटात जातं आणि गावात ओळखही होते. सहा फुटांच्या जागेत दोन माणसं आठवडाभर राहिली की एकमेकांच्या सवयी नव्यानं कळतात. तीस वर्षांच्या संसारानंतरही कळतात.

आता वाट. रामाकोन्याहून सौंसर, सावनेर करत नागपूर, आणि तिथून समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा घाट टळतो आणि गाडी सरळ भिवंडीजवळ उतरते. विदर्भ आणि सातपुड्याच्या माणसाला समुद्र खऱ्या अर्थानं जवळ आला तो या रस्त्यानं. पण कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे म्हणून घरगाडीनं तसं पळू नये. उंच गाडीला आडवा वारा ढकलतो, काँक्रीटवर टायर तापतात. सत्तर-ऐंशीनं चालावं, टायरची हवा थंड असताना तपासावी आणि मध्ये संभाजीनगर किंवा शिर्डीला मुक्काम करावा. पुण्याकडून किंवा कोल्हापूरकडून उतरायचं असेल तर कुंभार्ली, आंबा, फोंडा हे घाट येतात. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून ऐन वळणावर दगा देतो.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग त्याला धरून जातो, पण मध्ये खाड्या येतात, आणि प्रवासाची खरी मजा त्या खाड्यांवर आहे. तिथल्या जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, आपलं घर चढवायचं आणि पलीकडच्या तालुक्यात उतरायचं. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडले ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली आणि बाकीच्यांना तिनंच वाट दाखवली. पूर्ण ओहोटीला धक्का आणि बोट यांतला उतार तीव्र होतो. कॅराव्हॅनचा मागचा भाग लांब असल्यानं तो खाली घासू शकतो. बोटीवरच्या खलाशांना आधी गाडी दाखवावी, ते सांगतील तेव्हाच चढावं.

भरती-ओहोटीचं ज्ञान आपल्याला नसतं, ते शिकूनच जावं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, पूर्ण भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. ठोकताळाच आहे, पण कोकणात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान. वाळू ओहोटीला सिमेंटसारखी घट्ट दिसते म्हणून तिच्यावर गाडी घालू नये. चाक रुतलं आणि पाणी वाढू लागलं की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी शिरतं. किनाऱ्यावर वाहन नेण्याला बहुतेक ठिकाणी बंदीही आहे. पोहण्याबाबत गावकऱ्यांचा शब्द अखेरचा मानावा. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नका, असं ते बजावतात. नदीच्या डोहात पोहणाऱ्या आपल्यासारख्यांना परतणाऱ्या पाण्याची ओढ ओळखता येत नाही.

मुक्कामासाठी हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथं एमटीडीसीची निवासस्थानं आहेत, तिथं आवारात गाडी लावायची विचारणा करता येते. त्याहून मला वाडीतला मुक्काम आवडतो. आंजर्ले, मुरुड-कर्दे, गुहागर, वेळणेश्वर या गावांत नारळी-पोफळीच्या बागा असलेली घरं पर्यटक ठेवतात. रीतसर भाडं दिलं तर गाडीपुरती जागा, विजेचा एक पॉइंट आणि विहिरीचं पाणी मिळतं. न विचारता जेट्टीवर किंवा मासळी वाळवायच्या खळ्यावर गाडी लावू नये, ती कोळ्यांच्या कामाची जागा असते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाणार असाल तर आणखी एक पथ्य आहे. तिथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं त्यांचं रक्षण उभं केलं. पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजेडाच्या दिशेनं चालतात. गाडीबाहेर लावलेला एक झगझगीत दिवाही त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेऊ शकतो. किनाऱ्यालगत रात्री बाहेरचे दिवे बंदच ठेवावेत.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची. खारी हवा पत्र्याला महिनाभरात गंज चढवते.

केव्हा जावं? आमच्याकडे आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबर तुटतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधला जानेवारी बगीचेवाल्याला थोडा मोकळा सापडतो, आणि नेमकी तेव्हाच कोकणची हवा उत्तम असते. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, जंजिरा-सिंधुदुर्गाच्या होड्याही बंद, तेव्हा हा बेत नको. आणि आठवडाभराची सवड नसेल तर दोन दिवसांसाठी आपल्या जवळही पाणी आहे. खंडवा जिल्ह्यात इंदिरासागर धरणाच्या जलाशयाकाठी हनुवंतिया आहे, पलीकडचा काठ नजरेत न मावणारं पाणी तिथं आहे. घरगाडीची पहिली चाचणी तिथं किंवा तामियाच्या डोंगरावर घ्यावी. कुठला नळ गळतो, कुठलं कपाट वळणावर उघडतं, हे समुद्रापर्यंत जाऊन कळण्यापेक्षा घराजवळ कळलेलं बरं.

राहता राहिली जागांची अडचण. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहायची गरज नाही. एक सपाट मैदान, एक नळ, विजेचा मीटर आणि मैला सोडायला झाकणाचा एक शोषखड्डा, एवढं किनाऱ्यावरच्या कुठल्याही ग्रामपंचायतीला परवडतं. ते आपल्या सौंसर-पांढुर्ण्यालाही परवडेल. जामसावळीच्या हनुमानाला नागपूरकडून येणारी माणसं, पेंच-तामिया बघायला निघालेली कुटुंबं याच वाटेनं जातात, आणि उद्या कोकणातलं एखादं जोडपं संत्र्याचे बगीचे फुललेले पाहायला आपली घरगाडी घेऊन इकडे येईल. आपापल्या सरपंचांकडे ही मागणी लेखी द्या, येत्या ग्रामसभेत ती मांडा.