काँगो नदीकाठचं किसांगानी : परक्या माणसानं तिथं कसं राहावं



परदेशात नोकरी म्हटलं की आपल्याला दुबई, मस्कत नाहीतर अमेरिका आठवते. पण आपल्या देशातली माणसं आफ्रिकेच्या आतल्या भागातही कामाला जातात. कुणी शांतिसेनेत, कुणी मोबाइल कंपनीत, कुणी दवाखान्यात, कुणी व्यापाराला. उद्या आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला असं बोलावणं आलं, तर तिथलं राहणं कसं असतं आणि घरच्यांनी आधी काय विचारून घ्यायचं, हे आज बघू. त्यासाठी आम्ही एकच शहर घेतलंय, काँगो देशातलं किसांगानी.

आफ्रिकेच्या नकाशावर मधोमध बोट ठेवा. बोटाच्या आसपासच किसांगानी सापडेल. विषुववृत्त तिथून जवळ, त्यामुळे बाराही महिने दमट हवा आणि पाऊस. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान, असला प्रकार नाही. रोज सहाच्या सुमारास उजाडतं, सहाच्या सुमारास मावळतं. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथं सात वाजलेले असतात. बेल्जियमच्या राजवटीत या गावाला स्टॅनलेव्हिल म्हणत. १९६६ साली किसांगानी हे नाव आलं.

हे शहर तिथंच का वसलं, ते कळलं की बाकीचं सगळं कळतं. राजधानी किन्शासापासून काँगो नदीतून सुमारे १,७०० किलोमीटर वर बोटी येऊ शकतात. किसांगानीच्या वरच्या अंगाला मात्र एकापाठोपाठ सात धबधबे आहेत. तिथून पुढं बोट जात नाही. म्हणून माल इथं उतरतो, आणि बाजार इथं भरतो. किन्शासाकडून यायला धड रस्ता नाही. जंगलातले रस्ते पावसात चिखलाचे होतात. मोठ्या सपाट बोटींवर माल आणि माणसं एकत्र येतात, आणि या प्रवासाला आठवडे लागतात. विमानानं दोनेक तासांत पोचता येतं, पण तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही.

याचा अर्थ असा की, बोट वाळूत रुतली किंवा इंजिन बिघडलं, की बाजारात बाहेरून येणाऱ्या वस्तूंचा भाव चढतो. खिशात पैसे असतात, पण वस्तू नसते. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसानं आपल्या आजीसारखी साठवण शिकायची. रोजच्या गोळ्या, चष्म्याची दुसरी जोडी, बॅटरी, लागतील तेवढे मसाले हे सोबत न्यायचं. वीज शहराजवळच्या त्शोपो नदीवरच्या धरणातून येते, पण तिचा भरवसा नसतो. पिण्याचं पाणी उकळून किंवा गाळणयंत्रातून काढूनच प्यायचं.

पैशाचंही वेगळं आहे. तिथला फ्रँक आणि अमेरिकेचा डॉलर दोन्ही चालतात. पण डॉलरची नोट जराशी फाटकी असली तरी दुकानदार घेत नाही. म्हणून कोऱ्या नोटा न्यायच्या. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे, आणि आपल्याकडची एअरटेल कंपनी काँगोतही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तब्येत. काँगोत जायला पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड जपून ठेवायचं. परत येताना ते नसेल, तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मलेरिया तिथं बारमाही आहे, आणि तोही जीवघेण्या प्रकारचा. तिथं लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. नव्यानं गेलेल्याच्या अंगात ती नसते. औषध लावलेली मच्छरदाणी रोज हवी, आणि मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो. पोटुशी बाई आणि लहान मूल यांना धोका जास्त.

मैत्रिणींनो, एक गोष्ट आपण घरच्यांनी लक्षात ठेवायची. तिथून आलेल्या माणसाला गावी परतल्यावर काही महिन्यांतसुद्धा ताप आला, तर दवाखान्यात पहिल्यांदा सांगायचं, “आफ्रिकेतून आलोय.” हे सांगितलं नाही तर साधा ताप समजून गोळ्या दिल्या जातात, आणि मोलाचा वेळ जातो.

जेवणाचं म्हणाल, तर आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच कंद, म्हणजे कसावा, तिथलं रोजचं अन्न आहे. मात्र कडू जातीच्या कसाव्यात विष असतं. म्हणून तिथल्या बाया तो तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालतात, सोलतात, वाळवतात, उखळात कांडतात आणि मग पीठ चाळतात. त्या पिठाचा उकडून केलेला गोळा म्हणजे फुफू. भिजवण्यात घाई झाली आणि ताटात दुसरं काही नसलं, तर पायांतलं बळ कायमचं जातं. त्या आजाराला कोंझो म्हणतात, आणि तो जास्त करून बायका-मुलांनाच होतो. कसाव्याचा पालाही कांडून बराच वेळ शिजवून खातात. त्याला पोंडू म्हणतात. शाकाहारी माणसाला भात, घेवडा, भुईमूग, भाजीची केळी आणि हा पाला यावर निभावता येतं. बाजारात सुकवलेल्या अळ्या आणि धुरावलेले मासे दिसतील, तेव्हा नाक मुरडायचं नाही. ते त्यांचं पौष्टिक अन्न आहे.

बोलायला फ्रेंच, लिंगाला आणि स्वाहिली. कचेरीत फ्रेंच चालते, पण बाजारात लिंगाला किंवा स्वाहिली आली तर माणसं जवळची होतात. भाव विचारायच्या आधी “म्बोते” किंवा “जांबो” म्हणायचं. आणि भाजीवालीला “मामा” म्हणायचं! तिथं मामा म्हणजे आई. थोडं अंतर जायचं असेल तर तोलेका असते, म्हणजे मागच्या कॅरिअरवर गादी बांधलेली भाड्याची सायकल.

या मामांची आपल्यासारखीच भिशी असते. तिला लिकेलेंबा म्हणतात. ठरलेली रक्कम सगळ्यांनी घालायची आणि पाळीपाळीनं एकीनं उचलायची. काँगोच्या १९८७ च्या कुटुंब कायद्यात लग्न झालेल्या बाईला नोकरीसाठी नवऱ्याची परवानगी लागे. २०१६ साली तो कायदा बदलला. पण बँक अजून बऱ्याच जणींपासून लांब आहे, म्हणून मुलांच्या फीला आणि दुखण्याला ही भिशीच उपयोगी पडते.

या शहरानं दुःखही फार पाहिलंय. २००० सालच्या जूनमध्ये युगांडा आणि रवांडा या दोन परक्या देशांच्या फौजा भर शहरात सहा दिवस एकमेकींशी लढल्या. शेकडो नागरिक मेले. त्यामुळे सैनिक, विमानतळ, बंदर यांचे फोटो काढलेले तिथं खपत नाहीत. आणि आणखी एक गोष्ट. गडबड झाली की बाहेरून आलेला माणूस विमानात बसतो, शेजारची मामा मात्र तिथंच राहते. परक्यानं तिच्याशी वागताना हे विसरू नये.

तेव्हा अशी नोकरी आली, तर करारावर सही होण्याआधी घरच्यांनी एवढं विचारायचं :

• पगार कोणत्या चलनात आणि कुठल्या खात्यात जमा होणार?
• जवळचा चांगला दवाखाना कुठं आहे? गंभीर दुखण्यात विमानानं हलवायचा खर्च कंपनी देणार का, आणि ते करारात लिहिलंय का?
• परतीचं तिकीट कोण काढणार? पासपोर्ट कुणाच्या ताब्यात राहणार? तो आपल्याच हातात हवा.
• गडबड झाली तर शहराबाहेर काढायची काय व्यवस्था आहे?
• किन्शासातल्या भारतीय वकिलातीचा नंबर घरी लिहून ठेवलाय का?

या प्रश्नांची यादी गटाच्या वहीत उतरवून ठेवा. काँगोच कशाला, कुठल्याही दूर देशाची नोकरी आली तरी ती उपयोगी पडेल. येत्या बैठकीत ती मोठ्यानं वाचा, आणि आणखी काय विचारायला हवं ते आम्हाला कळवा.